जुळलेले कण, दुरावलेलं माहेर

१९३६ मध्ये बोटीने अमेरिकेला निघालेल्या एका मुलीला माहीत नव्हतं, की आई-वडिलांची ही शेवटची भेट. तिचं नाव चिएन-शिउंग वू.

वू यांचा जन्म १९१२ चा, चीनमधल्या शांघायजवळच्या ल्यूहे गावचा. मुलींनी शिकावं म्हणून वडिलांनी गावात शाळा काढली. तिथेच वू यांनी धुळाक्षरं गिरवली. अमेरिकेत डॉक्टरेट, १९४२ मध्ये लग्न, १९४७ मध्ये मुलगा, शिवाय न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधन. आधी युद्ध, मग राजकारण. माहेरची वाट मात्र बंदच झाली.

१९४९ मध्ये विद्यार्थी आयर्विंग शॅकनॉव्ह यांच्यासोबत त्यांनी एक नाजूक प्रयोग केला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांत मिटून गेले, की प्रकाशाचे दोन कण विरुद्ध दिशांना सुटतात. वू यांनी मोजलं, तर दोघांच्या कंपनांच्या दिशांचा काटकोनी मेळ होता! या नात्याला क्वांटम एन्टँगलमेंट, म्हणजे कणांचं गुंतलेपण म्हणतात.

मग आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाचं काय? प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही, असं तो सांगतो. गंमत अशी, की इथे निरोप जातच नाही. मोजल्यावर कण काय उत्तर देईल, हे आपल्या हाती नसतं. दोन्हीकडच्या माणसांना नुसतं फाशांसारखं दान पडताना दिसतं. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या तरच मेळ कळतो, आणि वही न्यायची तर नेहमीच्याच वाटेने, प्रकाशाच्या वेगाच्या आत. बरं, दोन्ही कण निघतानाच उत्तरं ठरवून निघाले असतील म्हणावं, तर तसंही नाही. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये सुचवलेल्या कसोटीवर ती समजूत टिकली नाही.

निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो, हेही वू यांनीच कोबाल्टवरच्या प्रयोगाने दाखवलं. १९५७ चं नोबेल मात्र ती कल्पना मांडणाऱ्या दोघा पुरुषांना मिळालं. त्यांनी काम थांबवलं नाही. १९७५ मध्ये त्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

१९७३ मध्ये त्या मायदेशी पोचल्या, तेव्हा आई-वडील केव्हाच गेले होते. त्यांच्या कबरीही उरल्या नव्हत्या. १९९७ मध्ये वू गेल्या. त्यांच्या अस्थी वडिलांनी काढलेल्या त्या शाळेच्या अंगणात आहेत. गुंतलेल्या कणांवरच्या प्रयोगांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

एवढं अंतर कापून लेक अखेर वडिलांच्या शाळेत परतली.