मालखेडचे महावीराचार्य

शाळा उघडल्या की आमच्याकडे दरवर्षी एक जुनीच तक्रार नव्याने येते. मुलांना गणित येत नाही! पालक शिक्षकांकडे बोट दाखवितात, शिक्षक पाठ्यपुस्तकाकडे, आणि पुस्तके करणारे सरकारकडे. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' नावाची मोहीम काढून तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास वाचता व मोजता आले पाहिजे असे ठरविले, आणि त्यासाठी २०२६-२७ या वर्षाची मुदत घातली. मुदती येतात आणि जातात. मुलाची अंकांशी ओळख कशी करून द्यावी हा प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याचा विचार ज्यांनी मनापासून केला, असे एक आचार्य आमच्या सीमेपासून फारशा दूर नसलेल्या गावी होऊन गेले. कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात, कागिणा नदीच्या काठी मालखेड म्हणून गाव आहे. पडका किल्ला, एक जुनी जैन बसदी आणि जयतीर्थांचे वृंदावन एवढीच आज त्याची प्रसिद्धी. नवव्या शतकात हेच गाव मान्यखेट या नावाने राष्ट्रकूटांची राजधानी होते, आणि तेथल्या राजाच्या आश्रयाने महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला.

राष्ट्रकूट हे नाव मराठी वाचकास परके नाही. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरविले ते हेच घराणे. आपल्याला लट्टलूरचे स्वामी म्हणविणारे, आणि हे लट्टलूर म्हणजे लातूर असे बहुतेक इतिहासकार मानतात. महावीराचार्यांचा आश्रयदाता अमोघवर्ष नृपतुंग ८१४ साली पोरवयात गादीवर आला आणि साठ वर्षांहून अधिक काळ राज्य करता झाला. ८५१ च्या सुमारास लिहिणाऱ्या अरब प्रवासी सुलेमानाच्या वृत्तांतात या घराण्याच्या राजाची गणना जगातील चार थोर राजांत केलेली आहे. राजा मात्र लढाईपेक्षा ग्रंथांत रमणारा. 'कविराजमार्ग' हा कन्नडातील आद्य ग्रंथ त्याच्याच दरबारातला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे, आणि सीमावादात दोन्ही बाजूंनी तिचा वापर होत असतो. तो वाद आज येथे नको. आमच्या मनात भरते ती दुसरीच गोष्ट. शके ७९३ च्या संजाण ताम्रपटात असे कोरले आहे की, प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून या राजाने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीस अर्पण केले. मोजणीचे पहिले साधन म्हणजे माणसाची बोटे. गणिताच्या या आश्रयदात्याजवळ ती नऊच राहिली होती!

महावीराचार्यांनी आपले गाव, कूळ किंवा गुरू यांचा उल्लेख ग्रंथात केलेला नाही. राजाचे गुणगान आहे. स्वतःविषयी काही नाही. आरंभी जिनेंद्र महावीरास वंदन आहे, त्यावरून ते जैन होते हे स्पष्ट दिसते. त्यांचे चरित्र म्हणजे त्यांचा ग्रंथच. सुमारे ८५० सालचा हा ग्रंथ आहे. श्लोक अकराशेच्या घरात आणि प्रकरणे नऊ. पूर्वीच्या आर्यभट-ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथांत गणित हे ज्योतिषाच्या ओसरीवर बसलेले असे. येथे त्याला स्वतंत्र घर मिळाले. ग्रंथारंभीच आचार्य सांगतात की व्यापारापासून वैद्यकापर्यंत, पाकशास्त्रापासून छंदशास्त्रापर्यंत, संगीत-नाट्यापासून वास्तुविद्येपर्यंत गणितावाचून काही चालत नाही. मग आपल्या ग्रंथाला ते समुद्राची उपमा देतात. त्यात परिभाषा हे पाणी, आठ क्रिया हा किनारा आणि अपूर्णांक म्हणजे उसळणारे मासे. किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना ही उपमा सहज पटावी. अपूर्णांक हातात धरला की निसटतो, हे प्रत्येक चौथी-पाचवीतल्या मुलास ठाऊक आहे. चांगल्या गणितीचे आठ गुणही त्यांनी सांगितले आहेत. त्यांत जलद रीत शोधणे आहे, तर्क आहे, चुकीचे खोडून काढणे आहे, आकलन आणि स्मरण आहे, आणि आळस नसणेही आहे. पाठांतर हा त्या आठांतला एक, फार तर दीड.

परिभाषेच्या प्रकरणात एकं, दहं, शतं असे करीत चोवीस स्थानांची नावे आहेत; शेवटचे महाक्षोभ. मुलाला बाजारात लाखाच्या पुढे जायचे नसते हे त्यांना का ठाऊक नव्हते? पण दहापट करीत गेले की पायरी संपत नाही, ही गंमत एकदा कळली म्हणजे स्थानिक किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. येथे सीमेवरच्या मुलाची एक अडचण आम्हांस सांगितली पाहिजे. भालकी, औराद, बसवकल्याण वा आळंद येथले मराठी घरचे मूल बाजारात कन्नड आकडे ऐकते. कन्नडात एकवीसला इप्पत्तोंदु म्हणतात. आधी वीस, मग एक. लिहितानाही तोच क्रम. मराठीत आधी एक, मग वीस. म्हणजे कानाने ऐकलेला अंक हाताने नंतर लिहायचा. त्यात एकोणतीसला तिसाची उसनवारी आहे, आणि पुढे एकोणऐंशी, एकोणनव्वद. नव्व्याण्णवपाशी येऊन तीही रीत मोडते. कन्नड मूल मात्र सरळ वीस आणि नऊ म्हणून मोकळे होते. या मुलाने पंचवीस ऐकून बावन्न लिहिले तर तो त्याचा मंदपणा नव्हे. त्याच्या डोक्यात दोन भाषा दोन दिशांनी चालत आहेत.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस हा आकडा वीस एक असाही वाचावा असे आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विधिमंडळापासून विनोदापर्यंत सर्वत्र त्याची टवाळी झाली. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी शांतपणे आपली बाजू मांडली, ती फारच थोड्यांनी ऐकून घेतली. आम्हांला स्वतःला एकवीसच गोड वाटते, ते टाकावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मुलाच्या अडचणीवर जो हसतो त्याने एकदा बिदरच्या बाजारात उभे राहून दोन्ही भाषांत भाव ऐकावेत. महावीराचार्यांच्या काळीही हेच चाललेले असणार. त्यांच्या संस्कृत श्लोकांत संख्या एककापासून सुरू होऊन डावीकडे चालते, आणि खिडकीबाहेर मान्यखेटच्या पेठेत कन्नड आकडे उजवीकडे चालतात.

मुलाला अंकांची गोडी कशी लावावी हे या माणसाला नेमके कळले होते. गुणाकाराची उदाहरणे देताना त्यांनी असे अंक निवडले की उत्तर हार व्हावे. १,५२,२०७ ला ७३ ने गुणा, १,११,११,१११ येतात. १४,२८,५७,१४३ ला ७ ने गुणले तर दोन टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये. अशा उत्तरांना ते राजाच्या गळ्यातील कंठा म्हणतात. घोकंपट्टीने दमलेल्या मुलास उत्तराच्या शेवटी हार सापडला की ते दुसरे उदाहरण आपण होऊन मागते. त्यांच्या उदाहरणांत हत्तींचे कळप आहेत, भुंगे आहेत, आंबे आणि जांभळे आहेत, व्याजाने पैसे देणारे सावकार आहेत आणि प्रणयकलहात तुटलेल्या हाराचे मोतीही आहेत. हे शेवटचे उदाहरण आजच्या पाठ्यपुस्तक समितीने मंजूर केले असते की काय, याची आम्हांस शंका आहे.

शास्त्रात त्यांनी घातलेली भरही लहान नाही. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा लसावि काढण्याची रीत त्यांनी दिली. अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती, याचे सर्वसाधारण सूत्र दिले. ते ज्ञात ग्रंथांत प्रथमच. ऋण संख्येला वर्गमूळ नसते हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आणि ते चुकलेही. शून्याने गुणले तर शून्य, शून्य मिळविले वा वजा केले तर संख्या तशीच, हे बरोबर सांगून पुढे ते म्हणतात की शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली अशा राशीचा छेद शून्यच ठेवला होता, आणि ११५० साली भास्कराचार्यांनी तिला खहर म्हणून अनंताशी नेऊन भिडविले. मधल्या काळात आपल्या आचार्यांचा पाय घसरला. पण या चुकीकडे जरा थांबून पाहावे. पाच लाडू आहेत आणि वाटून घ्यायला कोणीच नाही. लाडू किती उरले? पाच. तिसरीतले मूल हेच उत्तर देते, आणि त्याच विचाराने देते. भागाकार म्हणजे केवळ वाटप, अशी समजूत धरली की हेच उत्तर येते. भागाकार म्हणजे गुणाकाराचा उलटा प्रवास हे ध्यानी आले की ते टिकत नाही. कारण शून्याला कशानेही गुणले तरी पाच मिळत नाहीत. हे समजावून सांगायला शिक्षकास पाच मिनिटे लागतात, आणि लाल शाईची फुली मारायला एक क्षण. आमच्या शाळांत तो क्षणच अधिक खर्ची पडतो, ही आमची तक्रार आहे.

९७२ साली माळव्याच्या परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि पाठोपाठ राष्ट्रकूटांचे राज्यही गेले. ग्रंथ मात्र चालत राहिला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला. पुढे विस्मरणात गेलेला हा ग्रंथ मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखितांवरून शुद्ध करून १९१२ साली इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्याचे हिंदी भाषांतर १९६३ साली आमच्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाले.

आज घरी मुलांना घालण्यासाठी त्यातलेच एक कोडे. तीन पणांस पाच पारवे, पाच पणांस सात सारस, सात पणांस नऊ हंस आणि नऊ पणांस तीन मोर मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर पणांत बरोबर शंभर पक्षी आणायचे आहेत. पंधरा पारवे, अठ्ठावीस सारस, पंचेचाळीस हंस आणि बारा मोर हे एक उत्तर. एखाद्या मुलाने दहा पारवे, बेचाळीस सारस, छत्तीस हंस आणि बारा मोर आणले, तर पालकांनी उत्तर चुकले म्हणण्यापूर्वी बेरीज करून पाहावी.