दिव्यानंतरची ५४ वर्षं

नेरूळ, वाशी किंवा कामोठ्याला नर्सिंग शिकणारी एखादी मैत्रीण तुम्हाला असेल, तर तिच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडेल. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, हातात दिवा आणि शपथ. ती शपथ फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाची. तिचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. तिचं आपल्या डोक्यातलं चित्रही ठरलेलं: रात्री दिवा घेऊन वॉर्डात फिरणारी तरुण बाई. पण ते युद्धातलं काम दोन वर्षांहूनही कमी चाललं. त्यानंतर ती ५४ वर्षं जगली, तीही बरीचशी अंथरुणावर. तरी काम सुटलं नाही. ते कसं, ही खरी गोष्ट आहे.

जन्म १८२०चा, श्रीमंत इंग्रज घरात. चांगल्या घरच्या मुलीने नर्स होणं घरच्यांना अजिबात पसंत नव्हतं. शेवटी १८५३ मध्ये, ३३व्या वर्षी, तिने लंडनमधलं एक छोटं हॉस्पिटल चालवायला घेतलं. तिथे तिचं लक्ष गेलं ते जिन्यांकडे. नर्सेसची निम्मी ताकद वर-खाली करण्यातच संपायची. मग तिने मागण्या केल्या: प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नळाने यावं, जेवण वर न्यायला लिफ्ट असावी आणि घंटा कोणत्या पेशंटने वाजवली ते लगेच कळावं. वाचलेली ताकद पेशंटसाठी वापरता येईल, असा साधा हिशेब.

१८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोहोचली. सुरुवातीला सैनिक मरतच राहिले. १८५५च्या वसंतात गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठे मृत्यू झपाट्याने घटले. त्या युद्धात ती स्वतःही तापाने मरता मरता वाचली.

१८५६ मध्ये ती घरी परतली आणि पुढच्याच वर्षी कोसळली. वय फक्त ३७. ताप, धडधड, पुढे पाठीचं असह्य दुखणं. काही वर्षं तर तिला एका खोलीतून दुसरीत उचलून न्यावं लागायचं. वॉर्डातली राउंड कायमची संपली.

मग तिने कामाची पद्धतच बदलली. पायांनी करायचं काम दुसऱ्यांकडे दिलं; डोळ्यांचं आणि डोक्याचं स्वतःकडे ठेवलं. भेटायला एका वेळी एकच माणूस, तेही वेळ ठरवून. १८५८ मध्ये तिने युद्धातल्या मृत्यूंचे आकडे रंगीत आकृत्यांत मांडले, म्हणजे मंत्र्यांनाही एका नजरेत कळावं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली महिला सदस्य झाली. १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाने नर्सिंग स्कूल निघालं. रोजचा कारभार मेट्रन वॉर्डरोपर बघायच्या. फ्लॉरेन्स पुढे विद्यार्थिनींना पत्रं लिहायची आणि एकेकीला घरी बोलावून वॉर्डात काय चाललंय ते विचारून घ्यायची.

भारतात ती कधीच आली नाही. पण इथल्या लष्करी छावण्यांकडे छापील प्रश्नावली गेली आणि उत्तरांचा ढीग तिने घरात बसून उपसला. १८६३च्या अहवालानुसार इथे दर हजार ब्रिटिश सैनिकांमागे वर्षाला ६९ मरत होते, आणि मुख्य कारण गोळ्या नव्हे, तर घाण पाणी, गटारं आणि दाटीच्या बराकी. दहा वर्षांनी तिने दिलेला आकडा होता १८. गावांच्या स्वच्छतेवरून पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार झाला.

सत्तराव्या वर्षी तिने एडिसनच्या नव्याकोऱ्या फोनोग्राफवर आवाज रेकॉर्ड केला, क्रिमियातल्या जुन्या सैनिकांच्या मदतनिधीसाठी. पुढे नजर गेली, तेव्हा दुसरे तिला वाचून दाखवायचे. १३ ऑगस्ट १९१० रोजी, ९०व्या वर्षी, ती गेली.

आज आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात पन्नाशी ओलांडलेली सिस्टर बघा. नाइट ड्युट्यांनी गुडघे गेलेत, कॉम्प्युटरवरच्या नोंदी उशिरा शिकाव्या लागल्यात. पेशंटला कूस बदलून द्यायला ती ज्युनिअरला हाक मारते, नवं मशीन पोरींकडून समजून घेते. पण पेशंटचा श्वास बदललाय, हे अनेकदा तिलाच आधी कळतं. तिला कामचुकार समजू नका. तीही पायांचं काम वाटून देते आणि नजरेचं स्वतःकडे ठेवते. हॉस्पिटलनेही तिला जास्त धावायला सांगण्याआधी तिच्या फेऱ्या कशा कमी होतील ते बघावं. फ्लॉरेन्सने लिफ्ट मागितली होती ती त्यासाठीच. आणि तुम्ही नुकतीच ड्युटी सुरू केली असेल, तर पेशंट उचलायला तिला हात द्या, सॉफ्टवेअर शिकवा. मग विचारा, मॅडम, तुम्हाला लांबूनच कसं कळलं?