विमानाला पाय देणारा लुई ब्लेरियो

गावावरून विमान गेले की आपण सगळे खेळ सोडून मान वर करतो. पंख दिसतात, शेपूट दिसते. चाके मात्र दिसत नाहीत, कारण मोठी विमाने वर गेल्यावर चाके पोटात ओढून घेतात. म्हणून चाकांचा विचार कुणी करीत नाही. पण हवेत गेलेले विमान कधी ना कधी जमिनीवर यावेच लागते, आणि खरी कसोटी तिथेच असते. त्या कसोटीत पुन्हा पुन्हा आपटून, स्वतःच्या पैशाने घरचे विमान बांधून आणि मोडून, त्याला नीट पाय देणाऱ्या एका फ्रेंच माणसाची ही हकिकत आहे.

लुई ब्लेरियोचा जन्म १ जुलै १८७२ रोजी फ्रान्स देशाच्या उत्तरेकडील कांब्रे या गावी झाला. वडिलांचा कापडाचा धंदा होता. पोरगा अभ्यासात हुशार. पॅरिसच्या नावाजलेल्या एकोल सांत्राल या शाळेतून तो १८९५ साली इंजिनिअर झाला. नंतर लष्करात तोफखान्यात काही काळ काढला, मग विजेच्या वस्तूंच्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे त्याचे मन रमले नाही.

त्या वेळी मोटारगाड्या नुकत्याच निघाल्या होत्या. रात्री त्यांना रस्ता दिसत नसे. ब्लेरियोने मोटारीसाठी ॲसिटिलीन वायूचा दिवा तयार केला. पूर्वी जत्रेत फेरीवाल्यांच्या गाडीवर कार्बाइडचा दिवा जळायचा, तो आपल्या पालकांना आठवत असेल. कार्बाइडवर पाणी पडले की जो वायू निघतो तोच हा. ब्लेरियोचे दिवे भराभर खपले. घरात पैसा आला. १९०१ साली त्याचे आलीस नावाच्या मुलीशी लग्न झाले. आता खाऊन-पिऊन सुखी राहायला काहीच हरकत नव्हती. पण त्याच्या डोक्यात उडण्याचे खूळ शिरले होते.

आधी त्याने पक्ष्यासारखे पंख हलवणारे यंत्र करून पाहिले. ते काही जागचे उडेना. १९०५ साली गाब्रिएल व्हॉयसिन या तरुण कारागिराकडून त्याने पाण्यावरून उचलले जाणारे एक ग्लायडर बांधून घेतले. सेन नदीत मोटारबोटीने ते ओढले. ते वर उचलले गेले आणि तसेच कलंडून पाण्यात पडले. आत बसलेला व्हॉयसिन बुडता बुडता वाचला. मग दोघांनी मिळून इंजिनाचे यंत्र केले. तेही पाण्यावरून उठेना, म्हणून त्याला चाके लावून जमिनीवर आणले. १२ नोव्हेंबर १९०६ रोजी पॅरिसजवळ बागातेल येथे हे यंत्र मैदानावरून नुसते पळत असतानाच मोडले. आणि गंमत अशी की त्याच दिवशी, त्याच मैदानावर, सांतोस ड्युमाँ या ब्राझीलच्या माणसाने आपले विमान २२० मीटर उडवून दाखवले! ब्लेरियोला काय वाटले असेल ते आपणच समजून घ्यावे.

यानंतर व्हॉयसिन आणि तो वेगळे झाले. ब्लेरियोने स्वतःची कार्यशाळा चालवली आणि एकामागून एक विमाने बांधली. त्यांना नावे न देता तो नंबर देई. पाचवे आपटले. सहाव्याची तर कथाच वेगळी. सप्टेंबर १९०७ मध्ये ते साधारण २५ मीटर उंच गेले आणि इंजिन बंद पडले. नाक खाली करून विमान निघाले. ब्लेरियो आपली जागा सोडून वर चढला आणि त्याने शेपटीकडे अंग झोकून दिले. वजन मागे गेल्याने नाक थोडे वर आले आणि विमान जवळजवळ आडवे होऊन जमिनीवर बसले. त्याच्या तोंडाला थोडेसे खरचटले, एवढेच. सातव्याने डिसेंबरात ५०० मीटरच्या वर उड्डाण केले, वळूनही दाखवले, आणि १८ डिसेंबरला उतरताना तेही मोडले. दिव्यांच्या धंद्यातला पैसा यात जात होता. बायकोने माहेराहून आणलेला पैसाही जात होता.

१९०८ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या राइट बंधूंपैकी विल्बर राइटने फ्रान्समध्ये उडून दाखवले. त्याचे उड्डाण बघायला ब्लेरियो मुद्दाम गेला होता. राइटचे विमान हवेत ज्या सफाईने वळत होते, तसे फ्रान्समध्ये कुणाचेच वळत नव्हते. सगळे बघे थक्क झाले. मात्र त्या विमानाला चाके नव्हती! खाली घसरण्यासाठी दोन लाकडी पट्ट्या होत्या. वर जायचे तर विमान एका रुळावर ठेवायचे, मनोऱ्यावर टांगलेले जड वजन सोडायचे आणि त्या ओढीने विमान पुढे फेकायचे. म्हणजे दुसऱ्या गावी उतरला तर परत येणार कसा? रूळ आणि मनोरा तिथे कोण नेणार? हवेतली विद्या राइटची मोठी होती, पण जमिनीची बाजू लंगडी होती असे म्हणायला हरकत नाही.

ब्लेरियोचे आठवे विमान चाकांचे होते. ३१ ऑक्टोबर १९०८ रोजी तो तूरी गावाहून आर्तने गावाकडे उडाला आणि परत आला. एकूण २८ किलोमीटर. वाटेत दोनदा शेतात उतरला आणि दोन्ही वेळा स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर पुन्हा वर गेला. ना रूळ, ना मनोरा. पुढे चारच दिवसांनी हेही विमान जमिनीवर पळताना मोडले ते मोडलेच.

आता त्याच्या प्रसिद्ध अकराव्या विमानाकडे येऊ. हे बांधताना रेमाँ सोलनिए हा इंजिनिअर त्याच्याबरोबर होता. सांगाडा लाकडाचा, त्याला तारांचे ताण, पंखांवर कापड. पुढच्या पायांची चौकट बघितली तर सरळ आपल्या बाजेची आठवण येते. दोन आडवी लाकडे, मध्ये उभे खांब. इंग्रज लोकही तिला खाटेची चौकट म्हणत. दोन बाजूंना दोन पोलादी उभ्या नळ्या. प्रत्येक नळीवर वरखाली सरकणारी एक बाही, बाहीला सायकलच्या चिमट्यासारखा चिमटा आणि चिमट्यात तारांच्या स्पोकचे, हवा भरलेल्या टायरचे चाक. विमान जमिनीवर टेकले की चाक वर ढकलले जाते, बाही नळीवरून वर सरकते आणि तिला बांधलेले रबराचे जाड पट्टे ताणले जातात. धक्का रबर खाते, सांगाड्याला कमी बसतो. बैलगाडीला अशी सोय नसते, म्हणून खड्ड्यातून जाताना आपले दात आपटतात.

पण खरी करामत पुढेच आहे. हा चिमटा नळीभोवती गोल फिरू शकत असे. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची छोटी चाके तुम्ही पाहिली असतील. स्ट्रेचर जिकडे ढकलाल तिकडे चाक आपोआप वळते, कारण ते आपल्या खांबाच्या जरा मागे असते आणि ओढीबरोबर फिरते. ब्लेरियोची पुढची दोन्ही चाके अशीच होती.

याची गरज काय, असे कुणी विचारील. तर असे बघा. नदी ओलांडताना नावाडी नाव सरळ समोर धरत नाही, प्रवाहाच्या अंगाला जरा तिरकी धरतो. तेव्हा कुठे ती समोरच्या घाटाला लागते. आडवे वारे असले की विमानाचेही तेच. त्याचे नाक एका दिशेला आणि चाल दुसऱ्या दिशेला. हवेत त्याने काही बिघडत नाही. पण जमिनीवर टेकताना चाके नाकाच्या दिशेला पक्की बसवलेली असतील तर ती आडवी घासतात. सायकलचे चाक उभा भार कितीही सोसते. पन्नास किलोचे पोते लादा, डबलसीट बसा, ते हूं की चूं करीत नाही. पण तेच चाक बाजूने दाबले तर स्पोक वाकतात आणि चाकाचा पार द्रोण होतो. मग दुकानात नेऊन आउट काढला तरी ते पूर्वीसारखे होत नाही. विमानाखाली असे झाले की चाक मोडते, पंख जमिनीला लागतो आणि विमान कोलांटी खाते. ब्लेरियोचे चाक मात्र विमानाच्या चालीकडे आपणहून वळायचे. अशी साधी युक्ती! शेपटीखालच्या छोट्या चाकाला तर त्याने रबरही लावले नव्हते. भार सगळा पुढे, म्हणून डोके पुढच्या पायांवरच चालवले.

या विमानाने पहिले उड्डाण २३ जानेवारी १९०९ रोजी केले. आधीचे इंजिन बरे चालेना, म्हणून अंझानी नावाचे तीन सिलिंडरचे, २५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले. ते तेल उडवायचे आणि भलतेच तापायचे. जुलै महिन्यात एका उड्डाणात धुराच्या नळीवरचे आवरण निसटले आणि तापलेल्या नळीने त्याचा पाय भाजला. तरी तो उतरला नाही.

याच सुमारास इंग्लंडच्या डेली मेल या वर्तमानपत्राने फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला १००० पौंडांचे बक्षीस लावले होते. खाडी सर्वात अरुंद आहे तिथेही तिची रुंदी ३३-३४ किलोमीटर आहे. १९ जुलैला ह्युबर्ट लॅथम निघाला, पण इंजिन बंद पडून पाण्यात उतरला. तो वाचला आणि दुसरे विमान मागवून पुन्हा तयारीला लागला. ब्लेरियो कुबड्या घेऊन कॅले गावाजवळ आला. वारा थांबेना. २५ जुलैच्या पहाटे वारा पडला. लॅथमच्या लोकांनी त्याला वेळेवर उठवले नाही. ब्लेरियो मात्र तयार होता. अट अशी की सूर्य उगवल्यावरच निघायचे. ४ वाजून ४१ मिनिटांनी कुबड्या बाजूला ठेवून तो निघाला. जवळ होकायंत्रसुद्धा नव्हते. त्याची बायको खालच्या जहाजावर होती. विमानाने ते जहाज मागे टाकले. मग दहाएक मिनिटे त्याला ना जहाज दिसत होते, ना कुठला किनारा. चहूकडे धुके आणि पाणी.

शेवटी इंग्लंडचे पांढरे कडे दिसले. वाऱ्याने तो बाजूला सरकला होता, म्हणून किनाऱ्याने उडत डोव्हरकडे आला. किल्ल्याजवळच्या उतरत्या कुरणात एक फ्रेंच बातमीदार आपल्या देशाचे निशाण हलवत उभा होता. त्या खुणेवर ब्लेरियोने विमान वळवले. तिथे वारा असा घोंघावत होता की विमान गरगरा फिरले. सुमारे २० मीटर उंचीवर त्याने इंजिन बंद केले आणि विमान थेट खाली आदळले. पंखा मोडला, पुढच्या पायांची चौकटही मोडली. माणूस मात्र सलामत उतरला. एवढ्या उंचीवरून पडलेल्या घावाचा मोठा वाटा त्या चौकटीने आपल्या अंगावर घेतला, असे माझे मत आहे. उड्डाणाला साडेछत्तीस मिनिटे लागली होती.

एका दिवसात तो जगप्रसिद्ध झाला. विमान लंडनच्या एका मोठ्या दुकानात मांडले, बघायला झुंबड उडाली. कर्जाच्या काठावर आलेल्या माणसाकडे काही महिन्यांत शंभराहून जास्त विमानांची मागणी आली. त्याने वैमानिकांच्या शाळा काढल्या. अशा शाळांत नवशिक्याला एकदम हवेत सोडत नसत. पंख तोकडे केलेले, उडूच न शकणारे विमान द्यायचे आणि आधी मैदानात सरळ पळवायला शिकवायचे. आपण सायकल आधी हाताने ढकलत शिकतो, तसेच.

ब्लेरियोचे पडणे मात्र संपले नव्हते. डिसेंबर १९०९ मध्ये तुर्कस्तानातल्या इस्तंबूल शहरात वाऱ्यात उडताना तो एका घराच्या छपरावर कोसळला. बरगड्या मोडल्या, तीन आठवडे दवाखान्यात काढावे लागले. त्यानंतर लोकांसमोर उडण्याचे त्याने सोडले आणि बांधण्याकडे लक्ष दिले.

पुढे काही ठिकाणी त्याच्या विमानांचे पंख हवेत मोडले आणि वैमानिक दगावले. तेव्हा १९१२ साली त्याने आपणहून सरकारला अहवाल दिला की पंखांवरच्या तारा कमजोर आहेत, त्या मजबूत कराव्यात. सैन्याने काही काळ एका पंखजोडीची सगळी विमाने थांबवून ठेवली. यात त्याच्या स्वतःच्या मालाचे नुकसान होते. स्वतःच्या मालातली खोट गिऱ्हाइकाला सांगणारा कारखानदार विरळाच. मला तर खाडीच्या उड्डाणाइतकेच हेही मोठे वाटते.

पहिल्या महायुद्धात त्याच्या स्पॅड कारखान्याने हजारो लढाऊ विमाने बांधली. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला आला, तेव्हा ब्लेरियो त्याला भेटला. १ ऑगस्ट १९३६ रोजी पॅरिस येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

खाडी ओलांडणारे ते विमान पॅरिसच्या एका संग्रहालयात टांगलेले आहे. त्याच नमुन्याचे, १९०९ सालचेच आणखी एक विमान इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डन येथे अजून चालू स्थितीत आहे. वारा अगदी पडला असेल तरच ते बाहेर काढतात आणि हिरवळीवरून सरळ रेषेत थोडेसे उचलून लगेच खाली उतरवतात. एवढ्या जुन्या विमानाची निगा सोपी नसते. रबर वापरात नसले तरी सुकते, त्याला चिरा पडतात, ते वेळच्या वेळी बदलावे लागते. एखादा स्पोक सैल झाला तर सगळा भार शेजारच्या स्पोकवर येतो, म्हणून एकेक तार हाताने चाचपून बघावी लागते. नळीवर बाही अडली तर रबर असून नसल्यासारखेच. हे सगळे ठीक आहे अशी खात्री झाली की मगच पंखा फिरवतात.