बॉडच्या मागचा माणूस

नेटवर्क लॅबच्या व्हायवात एक प्रश्न हमखास विचारतात: बॉड रेट आणि बिट रेट यात फरक काय? उत्तर आपण सगळेच पाठ करतो. पण बॉड हे एका माणसाचं नाव आहे, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. मला ती ओळ अपुरी वाटली, म्हणून हा लेख.

एमिल बोदो. जन्म ११ सप्टेंबर १८४५, फ्रान्समधल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. शाळा फक्त प्राथमिक. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. थोडे दिवस वडिलांबरोबर शेती करून १८६९ मध्ये तो तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागला.

तिथे त्याला एक गोष्ट खटकली. तारेची लाइन महागडी, पण माणसाचा हात हळू; त्यामुळे लाइन बराच वेळ नुसतीच रिकामी. मग एका लाइनवर चार-पाच ऑपरेटरांना आळीपाळीने वेळ वाटून दिला तर? ही वाटणी आणि अक्षरं छापणारं यंत्र, दोन्ही आधी होतं. बोदोने ते पाच खुणांच्या कोडशी जोडलं. मोर्समध्ये प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी, इथे सगळ्यांची सारखी. पाच खुणा म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२ जोड्या. पेटंट १८७४ चं. ऑपरेटरसमोर पियानोसारख्या पाचच पट्ट्या, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. आपली पाळी आली की यंत्र टिक करणार आणि त्याच तालात पट्ट्या दाबायच्या. ताल चुकला की अक्षर गेलं!

खात्याने प्रोत्साहन दिलं, पण वेळ आणि पैसा दिला नाही. सगळं काम ड्युटी संपल्यावर, पदरमोड करून. त्यात तब्येत नाजूक. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि १८८० मध्ये पैशांच्या अडचणीमुळे तेच पदक विकावं लागलं. हे वाचून मी खरंच थोडा वेळ थांबलो. २८ मार्च १९०३ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो गेला. एकक त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं ते १९२० च्या दशकात.

आता आपल्या लॅबकडे या. लाइनवरची स्थिती सेकंदाला किती वेळा बदलू शकते, ते बॉड. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये तारांच्या एका जोडीवर हा आकडा १२.५ कोटी असतो. दर ४ बिट्ससाठी ५ पाठवतात, म्हणून १२५ × ४ / ५ = १००. आणि गिगाबिटमध्ये? तिथेही प्रत्येक जोडीवर १२.५ कोटीच! फक्त चार जोड्या एकदम चालतात आणि प्रत्येक बदलात २ बिट्स जातात: १२५ × २ × ४ = १०००. म्हणजे स्पीड दसपट झाला, बॉड तेवढाच राहिला. लाइन तीच ठेवून तिच्यातून जास्त काम काढायचं, हेच तर बोदोने आयुष्यभर केलं. आणि डिग्रीसाठी न थांबता केलं, हे आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.