हॅरी रिकार्डो

सर हॅरी राल्फ रिकार्डो (२६ जानेवारी १८८५ – १८ मे १९७४) हे अंतर्ज्वलन इंजिनांवर मूलभूत संशोधन करणारे ब्रिटिश अभियंते होते. इंजिनाच्या संपीडन गुणोत्तराची मर्यादा कशामुळे ठरते, या प्रश्नाचा त्यांनी प्रयोगांच्या आधारे पद्धतशीर उलगडा केला. इंधन, ज्वलनकक्षाचा आकार आणि पिस्टनची रचना यांचा एकत्रित विचार करण्याची जी पद्धत टर्बोचार्जर लावलेल्या इंजिनांच्या बांधणीत आज वापरली जाते, तिचा पाया मोठ्या प्रमाणात त्यांच्या संशोधनात आहे.

कुटुंब आणि शिक्षण

रिकार्डो यांचा जन्म लंडन येथे झाला. त्यांचे वडील हॅल्सी रिकार्डो हे वास्तुविशारद होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो हे याच घराण्यातील. आईचे वडील सर अलेक्झांडर मेडोज रेंडेल हे नामवंत स्थापत्य अभियंते होते. सिंधू नदीवरील सक्कर येथील लॅन्सडाउन पुलाचा आराखडा त्यांचा होता.

रग्बी शाळेतील शिक्षणानंतर रिकार्डो यांनी १९०३ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९०४ मध्ये विद्यापीठातील मोटार क्लबने एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १.१४ लिटर, पेट्रोलमध्ये सर्वाधिक अंतर कापण्याची स्पर्धा घेतली. स्वतः बनवलेल्या मोटारसायकलवर सुमारे ६४ किमी अंतर कापून रिकार्डो यांनी ती जिंकली. या यशामुळे त्यांना प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांच्यासोबत इंजिनांवर संशोधन करण्याची संधी मिळाली. पदवीनंतर ते आजोबांच्या सल्लागार संस्थेत रुजू झाले, तरी इंजिनांचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या द्विधाव 'डॉल्फिन' इंजिनाचे उत्पादन शोरहॅम येथे सुरू झाले, परंतु तो व्यवसाय फार काळ टिकला नाही. १९११ मध्ये त्यांचा विवाह बिएट्रिस हेल यांच्याशी झाला.

रणगाड्याचे इंजिन

पहिल्या महायुद्धातील सुरुवातीच्या ब्रिटिश रणगाड्यांना १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन होते. त्याच्या निष्कासातून निघणाऱ्या निळसर धुरामुळे रणगाड्याची जागा शत्रूला दुरूनच कळत असे, आणि आतील सैनिकांचा जीव धोक्यात येत असे. या कामासाठी रिकार्डो यांनी १५० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे नवे इंजिन तयार केले. त्यात पिस्टनवर येणारा बाजूचा दाब खाली बसवलेल्या स्वतंत्र सरकत्या भागावर घेतला जाई. त्यामुळे रणगाडा कलला तरी वंगण तेल ज्वलनकक्षात चढत नसे आणि धूर होत नसे. हे इंजिन असलेले मार्क ५ रणगाडे ऑगस्ट १९१८ मधील आमियांच्या लढाईत मोठ्या संख्येने वापरले गेले. त्याच महिन्यात विमान चालवताना झालेल्या अपघातात हॉपकिन्सन यांचा मृत्यू झाला.

संपीडन गुणोत्तरावरील संशोधन

पिस्टन खालच्या टोकाला असताना सिलिंडरमध्ये असलेले एकूण आकारमान आणि तो वरच्या टोकाला पोहोचल्यावर उरलेले आकारमान यांच्या गुणोत्तरास संपीडन गुणोत्तर म्हणतात. आदर्श चक्रात हे गुणोत्तर ४ असल्यास उष्णतेचे सुमारे ४३ टक्के, ६ असल्यास सुमारे ५१ टक्के आणि ८ असल्यास सुमारे ५६ टक्के कार्यात रूपांतर होते. गुणोत्तर वाढवणे लाभाचे असले तरी एका मर्यादेपलीकडे इंजिनातून धातूवर हातोडा मारल्यासारखा आवाज येऊ लागतो, शक्ती घटते आणि पिस्टनला इजा पोहोचते. या घटनेस 'ठोका' किंवा नॉकिंग म्हणतात.

तप्त भागामुळे ठिणगीपूर्वीच इंधन पेटणे आणि ठोका या दोन गोष्टी पूर्वी एकच समजल्या जात. त्या वेगळ्या आहेत, हे हॉपकिन्सन आणि रिकार्डो यांच्या कामातून पुढे आले. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकताना कक्षाच्या दूरच्या कोपऱ्यातील न जळलेले मिश्रण दाबले जाते व तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले की ठोका बसतो, असे स्पष्टीकरण रिकार्डो यांनी दिले.

१९१९ मध्ये त्यांनी शोरहॅम येथे प्रयोगशाळा उभारली. तेथे तयार झालेल्या ई-३५ या एक सिलिंडरच्या प्रायोगिक इंजिनात इंजिन चालू असतानाच संपीडन गुणोत्तर बदलता येत असे. शेल कंपनीच्या साहाय्याने, हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय यांच्यासह, त्यांनी अनेक इंधनांची तपासणी केली आणि प्रत्येक इंधन कोणत्या कमाल गुणोत्तरापर्यंत ठोक्याविना चालते हे मोजले. तुलनेसाठी टोल्युइन हा मानक द्रव वापरला. ऑक्टेन क्रमांकाची पद्धत त्यानंतर रूढ झाली. घनता जास्त म्हणून कमी प्रतीचे मानले जाणारे बोर्निओचे पेट्रोल त्यातील ॲरोमॅटिक घटकांमुळे ठोक्यास विशेष प्रतिकार करते, हेही रिकार्डो यांनी दाखवून दिले.

ज्वलनकक्ष आणि पिस्टन

इंधन न बदलताही गुणोत्तराची मर्यादा वाढवता येते, हा रिकार्डो यांचा दुसरा महत्त्वाचा निष्कर्ष होय. कक्ष आटोपशीर ठेवल्यास ज्योतीला कमी अंतर कापावे लागते. पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचे झाकण यांचा काही भाग वरच्या टोकाला अगदी जवळ येऊ दिल्यास तेथील मिश्रण वेगाने बाहेर फेकले जाते, खळबळ निर्माण होते व ज्वलन लवकर पूर्ण होते. या तत्त्वावरील त्यांच्या झाकणाचा लाभ त्या काळातील स्वस्त, बाजूला झडपा असलेल्या इंजिनांना विशेष झाला. घर्षण व वजन कमी करण्यासाठी त्यांनी कडेचा अनावश्यक भाग कापलेला ॲल्युमिनियमचा 'स्लिपर' पिस्टनही विकसित केला.

अतिभरित इंजिनांशी संबंध

सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये आधीच दाबलेली आणि तापलेली हवा भरतो. त्यामुळे गुणोत्तर तेच असले तरी संपीडनाच्या शेवटी दाब व तापमान वाढते आणि ठोक्याची मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणूनच अशा पेट्रोल इंजिनांत गुणोत्तर सहसा कमी ठेवतात. ५०० घन सेंमी क्षमतेच्या सिलिंडरमध्ये गुणोत्तर ९ असल्यास वर ६२.५ घन सेंमी जागा उरते. ते ८ वर आणण्यासाठी ही जागा सुमारे ७१.४ घन सेंमी करावी लागते, म्हणजेच पिस्टनच्या माथ्यावरील वाटी सुमारे ९ घन सेंमीने खोल करावी लागते.

केवळ जाड गॅस्केट बसवूनही गुणोत्तर कमी होते. मात्र त्यामुळे पिस्टन व झाकण यांमधील अरुंद फट रुंदावते, खळबळ मंदावते आणि गुणोत्तर घटवून मिळवलेल्या लाभाचा काही भाग हातचा जातो. वाटीच्या पिस्टनमध्ये कडेचा सपाट भाग राखून हा तोटा टाळता येतो.

इंधन आणि भरणदाब यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन. त्याचे संपीडन गुणोत्तर ६ होते. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागल्यावर ते गुणोत्तर न बदलता वातावरणीय दाबापेक्षा जास्तीचा भरणदाब दर चौरस इंचास सुमारे ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेता आला.

बाही-झडप आणि डिझेल इंजिने

तप्त निष्कास झडप हे ठोक्याचे एक कारण असल्याने रिकार्डो यांनी नेहमीच्या झडपेऐवजी पिस्टनभोवती सरकणाऱ्या बाही-झडपेचा पुरस्कार केला. ब्रिस्टल आणि नेपियर कंपन्यांच्या विमान इंजिनांत ती यशस्वी ठरली. मात्र सोडियमने थंड राखलेल्या झडपा व उच्च ऑक्टेनची इंधने आल्यावर तिचे वैशिष्ट्य कमी झाले, आणि जेट इंजिनांच्या उदयानंतर ती मागे पडली. रिकार्डो यांचा सहभाग असलेले रोल्स-रॉइस क्रेसी हे द्विधाव इंजिन कोणत्याही विमानात बसवले गेले नाही.

१९३१ मध्ये पेटंट घेतलेला त्यांचा 'कॉमेट' भोवरा-कक्ष लंडनच्या आरंभीच्या डिझेल बसगाड्यांत वापरला गेला. पुढे अनेक देशांतील उत्पादकांनी त्याचा परवाना घेतला.

लेखन, सन्मान आणि निधन

१९२२ व १९२३ मध्ये अंतर्ज्वलन इंजिनावरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४४ मध्ये त्यांना रमफर्ड पदक आणि १९४८ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १९६८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. पडल्यामुळे पाय मोडल्यानंतर काही आठवड्यांनी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेली संस्था त्यांच्या पश्चातही 'रिकार्डो' या नावाने इंजिन अभियांत्रिकीच्या क्षेत्रात कार्यरत राहिली.