लोण्याचा परवाना आणि कॅथरिनाबाई ल्यूथर

नाताळ जवळ आला की जर्मनीत घरोघरी भट्ट्या तापतात. मध, दालचिनी, लवंग घातलेल्या ‘लेबकुखन’ नावाच्या वड्या भाजल्या जातात. मनुका, बदाम आणि पाकात मुरवलेल्या लिंबाच्या साली घालून ‘श्टोलन’ हा लांबट पाव करतात व वरून पांढरी साखर पेरतात. बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळ येशूची ती आठवण, असे तिकडचे लोक मानतात. या पावात आज लोणी सढळ हाताने पडते. परंतु एके काळी उपासाच्या दिवसांत त्यात लोणी घालायचे तर परवाना लागत असे, आणि परवान्याला पैसे पडत असत.

त्या काळात, 29 जानेवारी 1499 रोजी, सॅक्सनी प्रांतातील एका गरीब उमराव घराण्यात कॅथरिना फॉन बोरा यांचा जन्म झाला. नाताळापूर्वीचा आगमनकाळ तेव्हा उपासाचा असे. लोणी व दूध वर्ज्य. पीठ, पाणी आणि तेल एवढ्यावरच पाव करायचा. 1491 साली पोप आठवे इनोसंट यांनी सॅक्सनीच्या राजघराण्याच्या विनंतीवरून लोण्याची सूट दिली, पण त्याबद्दल चर्चच्या बांधकामासाठी पैसे भरावे लागत. पैसेवाल्याला लोणी आणि गरिबाला तेल, असा तो न्याय होता.

कॅथरिना अगदी लहान असतानाच त्यांना मठाच्या शाळेत ठेवण्यात आले. पुढे निम्ब्शेन येथील मठात 1515 साली त्यांनी जोगिणीचे व्रत घेतले. त्यांच्या वयाच्या मुलीला या बाबतीत कोणी विचारण्याची पद्धतच नव्हती.

1520 साली मार्टिन ल्यूथर यांनी जर्मन उमरावांना उद्देशून एक ग्रंथ लिहिला. त्यात इतर अनेक गोष्टींबरोबर या लोण्याच्या परवान्यांवरही त्यांनी कोरडे ओढले. देवाने जे फुकट दिले ते विकण्याचा हक्क कोणालाच नाही, असा त्यांचा रोख होता. असले लेखन मठांच्या भिंतींच्या आतही पोहोचले. 1523 च्या ईस्टरच्या सुमारास कॅथरिना व त्यांच्या काही सोबतिणी टोरगाव येथील व्यापारी लिओनहार्ड कोपे यांच्या गाडीतून मठाबाहेर पडल्या. 13 जून 1525 रोजी कॅथरिनांचे ल्यूथर यांच्याशी लग्न झाले. वधू 26 वर्षांची, वर 41 वर्षांचे.

आता परवान्याची गरज उरली नव्हती. उपासाच्या नियमांचे ओझे उतरले होते. मग या बाईंनी त्या मोकळिकीचे काय केले? त्यांनी पदर खोचला. विटेनबर्गचा रिकामा पडलेला मठ हेच त्यांचे घर झाले. तेथे त्यांनी गायी व डुकरे पाळली, भाजीचा मळा केला, बिअर गाळली, मासे पाळले आणि पुढे झ्युल्सडॉर्फ येथील शेतीही सांभाळली. स्वतःची मुले, नात्यातील पोरकी मुले, भाडेकरू विद्यार्थी, आश्रयाला आलेले उपदेशक अशी तीसचाळीस माणसे कधी कधी पंगतीला असत. ल्यूथर यांचा हात देण्याच्या बाबतीत सैल होता. हिशेबाची काळजी बाईंनाच करावी लागे. 1527 साली प्लेग आला तेव्हा त्याच घराचे रुग्णालय झाले आणि बाईंनी गरोदरपणात आजाऱ्यांची शुश्रूषा केली.

या घरातला नाताळ मुलांचा होता. मुलांना भेटी सेंट निकोलसच्या दिवशी न देता ख्रिस्तजन्माच्या सणाला द्याव्यात, ही रीत ल्यूथर यांच्यापासून सुरू झाली असे सांगतात. सहा मुलांपैकी एलिझाबेथ तान्हेपणीच गेली, आणि मॅग्डालेना 1542 साली तेराव्या वर्षी वारली.

1546 साली ल्यूथर प्रभूमध्ये निजले. त्यांनी मृत्युपत्रात सर्व काही पत्नीच्या नावे केले होते. पण सॅक्सनीच्या कायद्यात ते बसेना. जिच्या पंगतीला अर्धे विटेनबर्ग जेवले, तिला आता मदतीसाठी राजदरबारी अर्ज करावे लागले. युद्धामुळे दोनदा गाव सोडावे लागले. परतल्यावर शेतीची धूळधाण झालेली दिसली. तरी त्यांनी पुन्हा विद्यार्थी ठेवले, पुन्हा चूल पेटवली. 1552 साली प्लेगमुळे टोरगावकडे जाताना घोडे उधळले व बाई गाडीतून खाली पडल्या. तीन महिने अंथरुणाला खिळून 20 डिसेंबर 1552 रोजी त्यांनी देह ठेवला. आगमनकाळच होता, नाताळाला पाच दिवस उरले होते. टोरगावच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांची कबर आहे.

वाचकहो, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल ज्या स्वतंत्रतेविषयी व प्रीतीच्या सेवेविषयी लिहितो, तिचा अर्थ या बाईंच्या स्वयंपाकघरात दिसतो. लोणी खायची मोकळीक मिळाली. ती त्यांनी दुसऱ्यांना खाऊ घालण्यासाठी वापरली. जुने परवाने गेले, परंतु आपल्या मंडळ्यांत नवे तर निघत नाहीत ना? मोठी वर्गणी देणाऱ्याला पुढची खुर्ची, आणि थकबाकी असलेल्या विधवेला मागचा बाक, असे होत असेल तर कृपेला आपणही दर लावला आहे. या नाताळात आपल्या फराळाचे पहिले ताट जो वर्गणी देऊ शकत नाही त्याच्या दारी जावो.