आधी श्रवण : ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांचा प्रातःकाळचा नेम

सज्जनहो, आपल्या संप्रदायात नित्यनेमाची थोरवी कोणाला सांगावी लागत नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की हरिपाठ आला, एकादशी आली, वारी आली. पण नेम चालू असूनही मन कोरडे राहते, ओठ हालतात आणि चित्त बाजारात हिंडते, ही तक्रार आम्ही गावोगावी ऐकतो. खरे सांगावयाचे तर ती आमच्या स्वतःच्या घरीही आहे. या तक्रारीवर एका परदेशी, परधर्मी भक्ताला एक उपाय सापडला. त्याचे चरित्र आज सांगावयाचे आहे. आम्ही विठोबाचे पाईक आहोत. ख्रिस्तमताच्या पुरस्कारासाठी ही लेखणी उचललेली नाही, हे वाचक जाणतातच. पण मधमाशी फूल कोणाच्या परसातले आहे ते विचारीत बसत नाही.

म्युलरांचे नाव आम्हांस कळले ते पंडिता रमाबाईंमुळे. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. रानावनात, तीर्थांतीर्थांत बापाबरोबर फिरत तिने भागवत मुखोद्गत केले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता ही पदवी दिली. पुढे तिने धर्म बदलला, याचे दुःख आमच्या गुरुजनांना फार होते आणि पाठशाळेत तिचे नाव सहसा कोणी काढीत नसे. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातल्या अनाथ मुली गोळा करून त्यांना अन्न देणारी हीच बाई, हेही विसरून चालणार नाही. तिने १९०७ साली आपली हकीकत लिहिली. ज्यांची चरित्रे वाचून कोणापुढे हात न पसरता केवळ देवाच्या भरवशावर अनाथांचे काम चालविण्याचा धीर आपल्याला आला, त्यांत तिने जॉर्ज म्युलर यांचे नाव घेतले आहे. केडगावच्या मुक्ती सदनाला बळ देणारा हा मनुष्य कोण, म्हणून आम्ही शोध केला.

जॉर्ज म्युलर यांचा जन्म २७ सप्टेंबर १८०५ रोजी प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, क्रॉपेनस्टेट या गावी झाला. बाप सरकारी कर वसूल करणारा कामगार. पोर लहानपणापासून चोर! दहा वर्षांचे होण्याआधीच त्याने बापाच्या ताब्यातल्या सरकारी पैशांत हात घालावयास सुरुवात केली होती. आई मृत्युशय्येवर होती त्या रात्री हा चौदा वर्षांचा मुलगा, घरचे काहीच ठाऊक नसल्यामुळे, दोन वाजेपर्यंत पत्ते कुटीत बसला होता. सोळाव्या वर्षी खाणावळीचे बिल बुडविले म्हणून तुरुंगात गेला. बापाची इच्छा अशी की मुलाने धर्मोपदेशक व्हावे. त्यात देवाचा संबंध थोडाच, पोटाचा जास्त. त्या देशी उपदेशकाला वेतन आणि राहावयास चांगले घर मिळत असे. मुलगा बुद्धीने तीक्ष्ण. लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. विद्यार्थिदशेत त्याच्यापाशी सुमारे तीनशे ग्रंथ होते, होरेस आणि सिसेरो तो आवडीने वाची. मात्र त्या तीनशेंत बायबल नव्हते. हे वाचले तेव्हा आम्हांस हसू आले, आणि लगेच ओशाळलोही. तर्क आणि व्याकरण घोकून ज्ञानेश्वरीला तोंडदेखला नमस्कार करणारे पंडित आम्ही थोडे का पाहिले आहेत?

१८२५ च्या नोव्हेंबरात, हाले येथील विद्यापीठात शिकत असता, एका शनिवारी संध्याकाळी मित्राबरोबर तो वाग्नर नावाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी गेला. तेथे चार साधी माणसे जमत, धर्मग्रंथातला एक अध्याय वाचीत. दीक्षित उपदेशकावाचून कोणी निरूपण करावयाचे नाही असा तेथील कायदा, म्हणून छापील प्रवचन वाचून दाखवीत. मग त्यांतला एकजण गुडघे टेकून बसला आणि देवाशी बोलू लागला. उपदेशक होण्याचा अभ्यास करणाऱ्या या मुलाने, वीस वर्षांच्या आयुष्यात, मनुष्याला गुडघे टेकून प्रार्थना करताना प्रथमच पाहिले. इतकेच घडले. ना साक्षात्कार, ना स्वप्न. पण घरी परतला तो मनुष्य निराळा होता. येथून पुढे आम्हीही त्यांना अहो-जाहोच म्हणतो.

१८२९ साली म्युलर इंग्लंडात आले. पुढल्या वर्षी लग्न केले, आणि त्याच सुमारास टेनमथच्या मंडळीकडून मिळणारे ठरीव वेतनही सोडले. वेतनाचा पैसा लोक आनंदाने देतात की भिडेने, हे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रार्थनामंदिरात एक पेटी ठेवली. ज्याला वाटेल त्याने टाकावे. १८३२ मध्ये ते ब्रिस्टल शहरात गेले आणि मरेपर्यंत तेथलेच झाले.

अनाथ मुलांसाठी घर काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले, तेव्हाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. घरासाठी, पैशासाठी, भांड्यांसाठी, काम करणाऱ्या माणसांसाठी त्यांनी देवाची करुणा भाकली. सर्व मिळाले. १८३६ च्या फेब्रुवारीत मुलांची नावे नोंदवून घेण्याचा दिवस ठरला. म्युलर वेळेवर जाऊन बसले. दोन तास झाले, एकही मूल आले नाही! तेव्हा ध्यानी आले की मुलांसाठी म्हणून काही आपण मागितलेच नव्हते. ती काय, येतीलच, असे गृहीत धरले होते. रात्री त्यांनी तेवढेही मागितले आणि दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज आला. एप्रिलमध्ये विल्सन स्ट्रीटवर घर सुरू झाले.

आता मुख्य भागाकडे वळू. घर वाढले, मुले वाढली. कित्येक दिवस असे येत की सकाळी तिजोरीत काही नाही आणि दुपारचे जेवण व्हावयाचे आहे. अशा गृहस्थाने पहाटे उठून प्रथम काय करावे? कोणीही म्हणेल, देवाला आळवावे. म्युलरही तेच करीत. निदान दहा वर्षे त्यांचा परिपाठ असा होता की उठावे, कपडे करावे आणि लगेच प्रार्थनेला बसावे. पण व्हावयाचे असे की पहिली दहा मिनिटे, पाव तास, कधी अर्धा तास मन भटके. चिंता पुढे येत, कामे पुढे येत. गुडघे टेकलेले आणि चित्त हिशेबात! कधी तर तासभर बसावे तेव्हा कोठे जरा ओल लागावी.

१८४१ च्या वसंतात नेल्सवर्थ या गावी काही काळ राहिले असता त्यांना उमगले की आपला क्रम चुकतो आहे. देवासाठी मी आज काय करावे, लोकांना कसे सुधारावे, हा पहिला प्रश्न नव्हे. आज माझा स्वतःचा जीव देवाच्या ठायी संतुष्ट कसा होईल, हा पहिला. देह उठल्यावर अन्न मागतो, आणि अन्नावाचून त्याच्याने काम होत नाही. आतल्या माणसाचेही तसेच. त्याचे अन्न मात्र प्रार्थना नव्हे, देवाचा शब्द. आणि तोही नळातून पाणी वाहून जावे तसा वाचून टाकलेला नव्हे, तर थांबून, चघळून, आपल्या स्थितीला लावून पाहिलेला.

मग त्यांनी क्रम फिरविला. उठल्यावर दोन शब्दांत देवाचा आशीर्वाद मागावयाचा आणि लगेच नवा करार उघडावयाचा. एक एक वाक्य घ्यावयाचे, यात माझ्यासाठी काय आहे ते पाहावयाचे. होई असे की थोड्याच मिनिटांत एखाद्या वाक्याने स्वतःची चूक दिसे आणि तिची कबुली निघे. दुसऱ्याने उपकार आठवत आणि धन्यवाद निघे. तिसऱ्याने कोणा दुःखी माणसाची आठवण होऊन त्याच्यासाठी याचना निघे. प्रार्थनेला म्हणून बसावे लागतच नसे, ती वाचनातूनच उगवे. भाव ओसरला की पुढचे वाक्य. न्याहारीपर्यंत पोट भरलेले. मोठ्या टाइपाचा नवा करार हाती घेऊन ते शेतांतून फिरत फिरत हे करीत, म्हणजे दुबळ्या प्रकृतीलाही हवा लागे.

आता आपल्या शास्त्राकडे पाहा. भागवतात प्रह्लादाने नवविधा भक्ती सांगितली तीत पहिले श्रवण आणि दुसरे कीर्तन. वेदान्ती श्रवण, मनन, निदिध्यासन याच क्रमाने सांगतात. आधी त्याचे ऐकावयाचे, मग आपले बोलावयाचे. म्युलरांना संस्कृताचे अक्षर येत नव्हते. पण नेल्सवर्थच्या शेतात त्यांना हाच क्रम सापडला, असे आम्हांस वाटते. एका ठिकाणी मात्र आमचे त्यांचे जमत नाही. नामाला मन लागण्याची वाट पाहावी लागत नाही, कोरड्या मुखाने घेतले तरी नाम आपले काम करते, असा आपल्या संतांचा डिंडिम आहे. म्हणून कोणी हा लेख वाचून मन लागेपर्यंत हरिपाठ बाजूला ठेवीन म्हणेल, तर तो घात करील हो!

म्युलरांच्या सांगण्यातली एक गोष्ट आम्हांस काट्यासारखी रुतली. सकाळचे हे वाचन प्रवचनाच्या तयारीसाठी करावयाचे नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. श्रोत्यांसाठी काय मिळते, हे शोधायला लागलात की तुम्ही उपाशी राहिलात. पुष्कळदा सकाळी स्वतःसाठी घेतलेले तेच पुढे लोकांच्या उपयोगी पडे; पण ते आपोआप, तसा हेतू धरून नव्हे.

काही वर्षांमागे एका गावच्या सप्ताहात आमचे कीर्तन झाले. सकाळी एक म्हातारी माउली पाया पडली आणि विचारू लागली, महाराज, सध्या तुमची ओवी कोणती चालली आहे? आम्ही रात्रीच्या निरूपणाची ओवी सांगितली. ती म्हणाली, ती नव्हे, ती आम्हांला दिलीत, तुमची कोणती? आम्हांस उत्तर आले नाही. चाळीस वर्षे आम्ही पहाटे ज्ञानेश्वरी उघडीत आलो, पण हातात पेन्सिल घेऊन. हा दृष्टान्त काल्याला चालेल, हा पूर्वरंगात घालू, अशा खुणा करीत. स्वयंपाक्याने दिवसभर पंगती वाढाव्या आणि स्वतः जेवणे विसरावे, तसे झाले होते. म्युलरांचे वाचन पुढे घडले, तेव्हा त्या माउलीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून पहाटे पाच ओव्या, पेन्सिल न घेता, असा नेम धरला आहे. कधी डोळा लागतो, कधी तिसऱ्याच ओवीला दूधवाला हाक मारतो. पण चालले आहे.

ज्यांना हा नेम धरावयाचा असेल त्यांना म्युलरांचा व्यवहार उपयोगी पडेल. मन मानेल तेथे ग्रंथ उघडू नये, क्रमाने वाचावे, थांबाल तेथे खूण ठेवावी, उद्या तेथूनच पुढे. थोडे वाचावे पण रोज. लवकर उठावयाचे तर लवकर निजावे, हेही त्यांनी साध्या माणसासारखे सांगून ठेवले आहे. रात्री बारापर्यंत गप्पा ठोकून काकड्याला उठू पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

पुढचे चरित्र मोठे आहे, थोडक्यात सांगतो. शेजाऱ्यांना मुलांच्या गलबल्याचा त्रास होतो म्हणून ते शहराबाहेर ॲशली डाउन टेकडीवर गेले. १८४९ मध्ये तेथे पहिले घर उघडले, तीनशे मुलांचे. १८७० पर्यंत अशी पाच घरे उभी राहिली आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. त्यांच्या हयातीत सुमारे दहा हजार अनाथ त्या छपरांखाली वाढले. वर्गणीसाठी ते कोणाकडे गेले नाहीत. आलेल्या पैन् पैचा हिशेब मात्र छापून काढीत. त्यांच्या नावावर चमत्काराच्या कथा पुष्कळ सांगतात. त्या आम्ही येथे घेत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या रोजनिशीतली साधी नोंदच पुरेशी मोठी आहे.

सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८७५ पासून, ते देशोदेशी उपदेशाला निघाले आणि सतरा वर्षे फिरले. आपल्या हिंदुस्थानातही दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेस, १८९० च्या जानेवारीत, जबलपूरला असता एकुलती एक कन्या लिडिया ब्रिस्टलला वारल्याची वार्ता त्यांना कळली. वय चौऱ्याऐंशी, मुलगी सातासमुद्रांपलीकडे. पहिली पत्नी मेरी वीस वर्षांमागेच गेलेली.

९ मार्च १८९८, बुधवार. त्या संध्याकाळी ॲशली डाउनच्या घरातली प्रार्थनासभा ब्याण्णव वर्षांच्या म्युलरांनी स्वतः चालविली आणि ते आपल्या खोलीत निजावयास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास सेवक चहाचा पेला घेऊन आला. दार वाजविले, उत्तर नाही. आत जाऊन पाहतो तो म्युलर बिछान्याच्या शेजारी जमिनीवर पडलेले. प्राण गेलेला होता. १४ मार्चला ब्रिस्टलमध्ये दुकाने बंद राहिली, रस्त्यांच्या दोन्ही बाजूंस हजारो माणसे उभी होती, आणि त्यांच्या अनाथघरांतली मुले प्रेतयात्रेबरोबर चालत होती.